कुरळ्या केसांना ऑइल रिन्स : शाम्पूनंतर तेल? किती, कुठलं, कसं?

जास्वंद
केस कुरळे, दाट, खांद्याखाली चार बोटं. ओले असेपर्यंत वळणं सुरेख दिसतात, वाळले की पिंजारतात आणि टोकं काथ्यासारखी होतात. आपली रीत म्हणजे आदल्या रात्री खोबरेल चोपडायचं आणि सकाळी शाम्पूनं ते काढायचं. आता जिथे तिथे उलटा क्रम वाचायला मिळतोय : आधी शाम्पू, मग निथळत्या केसांना तेल, ते कोमट पाण्यानं धुवायचं आणि वरून कंडिशनर. याला ऑइल रिन्स म्हणतात.
प्रश्न असे. तेल शेवटी लावलं तर केस चिकट राहणार नाहीत का? कुठलं तेल आणि किती? सोसायटीत मार्च ते जून टँकरचं पाणी असतं, त्यात हे जमेल का? जाणकारांनी लिहावं. 'आमच्या ओळखीत एकीनं केलं' यापेक्षा मापं सांगितलीत तर बरं.

सरळमार्गी
म्हणजे भांडी घासायची, मग त्यांना तेल लावायचं आणि पुन्हा विसळायची. आमच्याकडे बिडाच्या तव्याचं असं करतात.

अटलांटाची_काकू
ही पद्धत इकडची, आफ्रिकन-अमेरिकन बायकांची. रासायनिक स्ट्रेटनिंग सोडून केस जन्मजात वळणावर ठेवायचे असं त्यांच्यातल्या पुष्कळ जणींनी ठरवलं आणि २००० नंतरच्या दशकात त्यांच्या ब्लॉगांवरून, व्हिडिओंमधून ती पसरली. त्यांच्या केसाची वेटोळी पेन्सिलीहून, कधी सुईहूनही बारीक. केसाचा छेद गोल नसून चपटा, आणि प्रत्येक वळणावर केस तुटायची शक्यता. शिवाय टाळूवर सुटणारं तेल इतकी वळणं घेत टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून वरून तेल. त्यांच्यासाठी ही हौस नाही, गुंता सोडवतानाची तूट कमी करायचा उपाय आहे.

कृती सांगते. मापं खांद्यापर्यंतच्या दाट केसांची.

अंगाला लागेल इतपत कोमट पाण्यात केस दोन-तीन मिनिटं पूर्ण भिजू द्यायचे. शाम्पू फक्त टाळूला. लांबीवरून फेस नुसता वाहून जाऊ द्यायचा, केस डोक्यावर गोळा करून चोळायचे नाहीत. धुवून झाल्यावर पिळायचे नाहीत, पाणी टपकत असलं पाहिजे. मग चार भाग करून तिघांना चिमटे. एका भागाला चहाचा अर्धा चमचा तेल, म्हणजे सगळ्या डोक्याला दोन चमचे, १० मिली. तेल आधी दोन्ही तळव्यांवर पसरायचं, तळवे चकाकले पाहिजेत पण थेंब गळता कामा नये. कानाच्या पातळीपासून खाली, दोन तळव्यांत बट धरून ओढत न्यायची. टाळूला नाही. मग मोठ्या दातांची फणी, आधी टोकं, मग चार बोटं वर, मग आणखी वर. दोन ते पाच मिनिटं ठेवायचं. कोमट पाणी अर्धा-एक मिनिट.

या टप्प्याला सगळ्या घाबरतात, कारण पाणी केसावरून मोत्यांसारखं घरंगळतं आणि हाताला बुळबुळीत लागतं. लागू दे. आता तेलाच्या दुप्पट-तिप्पट कंडिशनर, २० ते ३० मिली. ओंजळभर पाणी शिंपडून बट दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. बोटांमधून दुधाळ पाणी सुटायला लागलं की समजावं, तेल कंडिशनरमध्ये फुटलं. मग धुवून टाका. केस मऊ आणि निसरडे राहिले पाहिजेत. बोट फिरवून तळव्याला तेलाचा ओशट थर लागला तर थोडं कंडिशनर अजून.

सुती जुना टीशर्ट. टर्किश पंचा नको.

चंद्रोदय
आमच्यासारख्यांनी काय करावं? फडकं आणि पॉलिश?

गुंतवळ
काकूंची कृती ठीक, पण मूळ विचार पटत नाही. तेल आधी लावायचं ते उगाच नाही. पाण्यात केस फुगतो, वाळला की आकसतो, हे दर न्हाण्याला होतं आणि त्यानं केस झिजतो. आधी लावलेलं तेल त्या फुगण्याला आवर घालतं. भिजल्यावर लावलेलं तेल आत जाणारच नाही, आत तर पाणी बसलेलं. मग ऑइल रिन्स म्हणजे वरवरची चकाकी. आजीची रीत सोडायची कशाला?

रसायनी
गुंतवळ, तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि तेच अर्धं लोक गाळतात.

'तेलानं केसांना ओलावा मिळतो' हे वाक्य चूक. ओलावा म्हणजे पाणी, आणि तेलात पाणी नसतं. तेल दोन कामं करू शकतं. एक, केसाच्या आत शिरून पाण्याची ये-जा कमी करणं. दोन, केसावर पातळ थर धरून घर्षण कमी करणं आणि आतलं पाणी उडून जायचा वेग थोडा मंदावणं. पहिलं काम कोरड्या केसाला, धुण्याआधी, काही तास तेल लावून होतं. दुसरं ओल्या केसावर होतं. ऑइल रिन्स हे दुसरं काम आहे. दोन्हींची अदलाबदल होत नाही.

पहिल्या कामात खोबरेल बाकीच्यांच्या पुढे आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या रेले आणि मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातून धुपून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलानं ठळकपणे कमी झालं, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा, म्हणून केसात शिरतो. सूर्यफुलाचे रेणू वाकलेले, मोठे. खनिज तेल हायड्रोकार्बन, त्याला प्रथिनाशी काही देणंघेणं नाही.

सरळमार्गी
खोबरेल विकणाऱ्या कंपनीला खोबरेल चांगलं आढळलं. न्हाव्याला विचारावं, केस वाढलेत का.

रसायनी
शंका रास्त आहे. खोबरेल केसात शिरतं आणि खनिज तेल शिरत नाही, हे २००१ मध्ये प्रिन्स्टनच्या एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत आयनांचं वस्तुमान मोजायच्या तंत्रानं पाहिलं गेलं होतं. त्या लेखातही हेच दोघे सहलेखक होते, हेही सांगून टाकतो. पण मोजण्याची पद्धत उघड आहे आणि कारण रेणूच्या आकारातून समजतं. 'इतर सगळी तेलं कुचकामी' असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. ऑइल रिन्समध्ये आत शिरणं महत्त्वाचं नाहीच, तिथे पातळ पसरणं महत्त्वाचं.

आता जास्वंद यांचा पहिला प्रश्न, चिकट का राहत नाही. कंडिशनरमध्ये धनभारित रेणू असतात, यादीत सेट्रिमोनियम किंवा बेहेनट्रिमोनियम अशी नावं दिसतील. ओल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, झिजलेल्या टोकांवर जास्त. हे रेणू तिथे जाऊन चिकटतात आणि जास्तीचं तेल सीटेरिल अल्कोहोलासकट पाण्यात फोडून बाहेर काढतात. काकूंचं दुधाळ पाणी ते हेच. उरतो तो अतिशय पातळ थर. अल्कोहोल हा शब्द पाहून दचकू नका, हे मेणासारखं घट्ट अल्कोहोल आहे, सॅनिटायझरमधलं नव्हे.

आणि सरळमार्गींनी थट्टेत म्हटलं तरी बिडाच्या तव्याचं उदाहरण बरोबर लागू पडतं. तव्याला तेल ओतून ठेवलं तर चिकट होतो, पुसून पुसून पातळ थर ठेवला तर डोसा सुटतो.

सरळमार्गी
मी उगाच बोलत नाही, लोकांना उशिरा कळतं.

गुंतवळ
दोन वेगळी कामं, मान्य. म्हणजे रात्री खोबरेल आणि शाम्पूनंतर रिन्स, दोन्ही केलं तर?

रसायनी
रात्री एवढं तेल असलं की ते काढायला शाम्पू दोनदा लागतो आणि तिथे मिळवलेलं घालवता. आधीचं तेल थोडं ठेवा : लांबीला चहाचा एक चमचा, दोन-तीन तास. मग एकदाच शाम्पू, मग रिन्सला अर्धाच चमचा.

लाकडी_घाणा
तेलाच्या निवडीवर लिहितो, कारण इथे सगळेच 'तेल' म्हणून पुढे जातायत.

खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात रिन्स करताना ते तळव्यावरच दाणेदार होतं, केसावर नीट पसरत नाही, आणि वाळल्यावर केस ताठ लागतात. लोक म्हणतात 'मला खोबरेल सोसत नाही'. बऱ्याचदा तेलाला दोष नसतो, थंडीत पसरलेलं नसतं. बाटली गरम पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटं उभी करा, गॅसवर नको.

रिन्सला पातळ आणि गोठणार नाही असं हवं. गोडं बदाम तेल, जर्दाळूच्या बियांचं, सूर्यफूल, द्राक्षबियांचं. होहोबा उत्तम, ते तेल नसून द्रव मेण आहे, लवकर खवट होत नाही, पण महाग. तीळ चालतं, वास मागे राहतो. मोहरीचा उग्रपणा टाळूला झोंबतो. शेंगदाण्याचं तेल दाणे भाजून काढलेलं असेल तर डोक्याला भाकरीचा वास येईल. ऑलिव्ह जाडसर, बारीक केसाला जड पडतं.

'बदाम' लिहिलेल्या सुगंधी बाटल्यांची घटकयादी उलटी करून पाहा. पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल असेल तर ते खनिज तेल आहे आणि बदाम शेवटच्या ओळीत. वाईट नाही, निसरडेपणा देतं. पण बदामाचे पैसे देऊन घेऊ नये.

आणि चमचा म्हणजे कोणता ते आधी ठरवा. चहाचा ५ मिली, मोठा १५ मिली. एकीनं सांगितलेले दोन चमचे दुसरीच्या डोक्यावर ३० मिली होऊन पडतात.

मुक्काम_नाशिक
भाकरीचा वास ही अडचण कशी?

चंद्रोदय
घाणा साहेब, किराण्याच्या दुकानात खोबरेलाच्या निळ्या बाटलीवर 'खाद्यतेल' लिहिलेलं असतं. डोक्याला लावतो ते मग आपण खातो की खातो ते लावतो?

लाकडी_घाणा
हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल आला : छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल हे खाद्यतेलच, बाटलीवर केशतेल म्हणून लिहून विकत नसतील तर. मुद्दा कराचा होता. खटला जुन्या उत्पादन शुल्काचा, पण तेव्हा जीएसटीतही खाद्यतेलावर ५ टक्के आणि केशतेलावर १८ टक्के असा फरक होता. सप्टेंबर २०२५ मध्ये केशतेलही ५ टक्क्यांत आलं, त्यामुळे आता ते बाटलीवर काय छापतात यानं तुमच्या खिशाला फरक पडत नाही.

कोंडाजी
आयडीवरून कळलं असेल, प्रश्न कोंड्याचा. रिन्सनं कोंडा जाईल का? खपल्या कोरड्या दिसतात म्हणून तेल मुरवायला सांगतात सगळे.

रसायनी
जाणार नाही, वाढू शकेल. टाळूवर मालासेझिया नावाचं यीस्ट सगळ्यांच्याच असतं. त्याला स्वतःला चरबीची आम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ते आपल्या तेलातली आम्लं फोडून खातं. बहुतेक वनस्पती तेलांत त्याला हवी ती आम्लं असतात. खपली कोरडी दिसते पण टाळू कोरडा असतोच असं नाही. कोंडा असेल तर टाळूला किटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू, फेस तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, आठवड्यातून दोनदा. तेल फक्त कानाखालच्या लांबीला. खपल्या जाड, पिवळट, खाली लाली असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

कपाळावर, कानशिलांवर बारीक पुटकुळ्या येत असतील तरी हेच : तेल खाली उतरतंय. धुताना डोकं मागे टाका, पुढे वाकवू नका.

मांडवीकाठ
काकूंनी १० मिलीचं माप दिलं ते आपल्या साधारण कुरळ्या केसांसाठी बरं. अगदी घट्ट वेटोळ्यांना ते पुरणार नाही. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज आहे, त्यांच्यातल्या मुली पार्लरात आल्या की तिथल्यांना काय करावं कळत नाही आणि कोरड्या केसात बारीक फणी घालतात. तसले केस कोरडे विंचरायला जास्त जोर लागतो, ओले आणि निसरडे असताना कमी. सरळ केसांचं उलटं असतं, ओले असताना जोर जास्त लागतो. सरळ केसवाल्यांची सवय इथे लावली की मूठभर केस फणीत.

अटलांटाची_काकू
अगदी. केसांच्या वर्गवारीत ४बी, ४सी म्हणतात तसल्या अगदी घट्ट वेटोळ्यांच्या केसांना १५ ते २० मिली, आणि भाग चार नाही, सहा ते आठ. एकेका भागाचा गुंता सोडवला की सैल पीळ घालून चिमटा लावायचा, नाहीतर पुढचा भाग होईपर्यंत आधीचा पुन्हा गुंततो. कंडिशनरही त्या प्रमाणात. तेल वाढवून कंडिशनर तेवढंच ठेवणं ही हमखास होणारी चूक.

उलट बारीक काडीचे, लाटांसारखे केस असतील तर ५ मिलीसुद्धा जड. तिथे तेल कंडिशनरमध्येच मिसळायचं : २५ मिलीत चहाचा पाव चमचा.

जटायू
एका गोष्टीचा इशारा. 'दाट तेल म्हणजे जास्त पोषण' या समजुतीनं रिन्सला एरंडेल घेऊ नका. एरंडेलातली जवळपास ९० टक्के आम्लं रिसिनोलेइक, त्यामुळे ते मधासारखं ओढतं. ओल्या, गुंतलेल्या लांब केसाला भरपूर लावून डोक्यावर गोळा करून चोळलं तर केस एकमेकांत घट्ट बसून नमद्यासारखा गठ्ठा होऊ शकतो. याला वैद्यकात केसांचं फेल्टिंग म्हणतात. आपल्याकडच्या एका तरुणीत एरंडेलानंतर असं झाल्याचं २०१७ मध्ये ट्रायकॉलॉजीच्या नियतकालिकात छापून आलंय. तो गठ्ठा सुटला नाही, कापावा लागला. दुर्मीळ आहे, पण पक्षाचं घरटं डोक्यावर नको असेल तर एरंडेल आठपट पातळ तेलात, आणि चोळायचं नाहीच.

सरळमार्गी
जटायूनं जटांबद्दल सांगावं हे योग्यच.

गुंतवळ
दिवाळीचं अभ्यंगस्नान म्हणजे हेच की. तेल, उटणं, गरम पाणी.

रसायनी
जवळचं, पण फरक आहे. उटण्यातलं डाळीचं पीठ तेल शोषून घेतं आणि सोबत नेतं. अंगाला उत्तम. कुरळ्या केसात पीठ अडकतं आणि वाळल्यावर दोन दिवस भुरभुरतं.

शिकेकाईचं मात्र उदाहरण बघण्यासारखं आहे. शिकेकाईतलं सॅपोनिन, म्हणजे तिचा फेसणारा घटक, सौम्य असतं, चोपडलेलं सगळं तेल त्याला कधी निघत नाही. थोडं उरायचंच, आणि तेच उरलेलं केस मऊ ठेवायचं. पुढे शिकेकाई गेली, सल्फेटवाला शाम्पू आला, आणि त्यानं तेल मुळासकट नेलं. आधीचं तेल लावायची सवय तेवढी राहिली. ऑइल रिन्स म्हणजे मागे राहायचं ते तेल शाम्पूनंतर मोजून परत ठेवणं. म्हणून मला आजी विरुद्ध अमेरिका असा सामना यात दिसत नाही.

गुंतवळ
हे पटलं. मग थेट शिकेकाईच वापरावी ना?

लाकडी_घाणा
वापरा, पण पूड नको. पुडीचे कण वेटोळ्यात बसतात आणि विंचरताना केसाला घासतात. ३० ग्रॅम शेंगा, चार-पाच फोडलेले रिठे, एक लिटर पाण्यात रात्रभर. सकाळी दहा मिनिटं उकळून पंचातून दोनदा गाळायचं. डोळे घट्ट मिटून, रिठा फार झोंबतो. काढा त्याच दिवशी संपवायचा. एवढ्या काढ्यानं हलकं तेल निघेल, चोपडलेलं नाही.

मुक्काम_नाशिक
कुणीच मोरीबद्दल बोलत नाहीये. हे फरशीवर उभं राहून करायचं प्रकरण नव्हे. टाइल्सवर तेल आणि कंडिशनर पडलं की काचेसारखं होतं. बैठं स्टूल घ्या, खाली रबरी जाळीची चटई. झाल्यावर फरशीवर भांड्यांचा साबण, खराटा, गरम पाणी. तुमच्या मागून आंघोळीला जाणारा घसरायचा.

दुसरं, जाळी. खोबरेल आणि गळलेले केस मिळून थंडीत नहाणीच्या ट्रॅपमध्ये मेणाची गुठळी होते. तळाशी कप असतो तो उचलता येतो, दर पंधरवड्याला काढून साफ करा. केस अडवायला वर स्टीलची बारीक जाळी ठेवा, वीस-तीस रुपयांत मिळते. ॲसिड ओतू नका.

अटलांटाची_काकू
आणि जिथे कपडे वाळवायचं यंत्र आहे तिथे तेलकट पंचे त्यात टाकू नका. धुवूनही तेल पूर्ण जात नाही, गरम ढिगात ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. जवसाचं तेल यात सर्वांत वाईट. दोरीवर वाळवा.

जास्वंद
खूप माहिती मिळाली, धन्यवाद. तिसऱ्या प्रश्नावर अजून कुणी आलं नाही. टँकरचं पाणी जड असतं, साबणाला फेस नसतो, बादलीला पांढरी कड धरते. त्यात हे चालेल का?

रसायनी
आधी पाणी खरंच जड आहे का ते बघा. रिकामी बाटली अर्धी भरा, अंगाच्या साबणाचा कीस चिमूटभर, झाकण लावून दहा वेळा हलवा. फेस टिकून खाली पाणी स्वच्छ राहिलं तर मऊ. फेस नाही आणि पाण्यात दह्यासारखा चोथा दिसला तर जड. शाम्पू घालून ही परीक्षा होत नाही, शाम्पू जड पाण्यातही फेसतो.

जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम केसावर बसतं. त्याच्यावर तेलाचा थर दिला की आतलं आतच राहतं आणि केस एकाच वेळी तेलकट आणि रखरखीत लागतो. हा विचित्र अनुभव आला की लोक तेल वाढवतात. वाढवू नका. त्या तीन-चार महिन्यांत महिन्यातून एकदा ईडीटीए (हे क्षार पकडून सोबत नेणारं रसायन) असलेला, जड पाण्यासाठीचा शाम्पू घ्या. यादीत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए दिसेल, पण ते बहुतेक शाम्पूंत किंचित असतंच, म्हणून बाटलीवर 'हार्ड वॉटर' किंवा 'चिलेटिंग' लिहिलेला बघा. त्या दिवशी रिन्स करायला हरकत नाही, उलट तोच योग्य दिवस.

शेवटचे दोन तांबे पिण्याच्या, म्हणजे आरओ फिल्टरच्या पाण्याचे घेतले तरी फरक पडतो. नाहीतर एक लिटर पाण्यात मोठा चमचा साधा पांढरा व्हिनेगर, कंडिशनरच्या आधी ओतून अर्ध्या मिनिटात धुवायचा. लिंबू पिळू नका, गर अडकतो.

गुंतवळ
शेवटी गार पाणी ओतलं की केसाची कौलं, म्हणजे वरचे खवले, मिटतात म्हणतात, ते?

रसायनी
कौलं मिटवायचं काम आम्लता आणि कंडिशनर करतं, पाण्याचं तापमान जवळजवळ नाही. गार पाण्यानं खोबरेल मात्र केसावर गोठतं. उन्हाळ्यात बरं वाटतं म्हणून घ्या.

मांडवीकाठ
रिन्सनंतर वळणं बसवायला जेल लावतात त्याचं सांगा. नुसत्या तेलानं वळण टिकत नाही, दमट हवेत तर नाहीच.

लाकडी_घाणा
जवसाची घरची जेल. पाव कप जवस, दोन कप पाणी, मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं, सतत ढवळत. चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की गॅस बंद. गरम असतानाच जुन्या नायलॉन मोज्यातून गाळायची, गार झाल्यावर बियांतून सुटत नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर. केस टपकत असताना लावायची आणि मुठीत चुरगळायचे, विंचरायचे नाहीत.

रिन्समध्ये तेल जास्त उरलं असेल तर जेल बसत नाही, वाळल्यावर पांढऱ्या पापुद्र्यांनी सुटते. हा पापुद्रा कोंडा समजून कोंडाजी घाबरतील. बोटात चुरडून बघा, जेल असेल तर पाण्यात विरघळते.

कोंडाजी
आमची बदनामी थांबवा.

जास्वंद
आणि किती दिवसांनी? दर न्हाण्याला?

अटलांटाची_काकू
दिवस मोजू नकोस, केस बघ. वाळलेल्या बटेवर पाण्याचा फवारा मार. पाणी पसरून केस भिजला तर ठीक. थेंब तसेच उभे राहिले, किंवा शॉवरखाली केस भिजायलाच दोन मिनिटांहून जास्त लागली, तर आधीचं तेल किंवा कंडिशनरमधलं सिलिकॉन साठलंय. त्या वेळी रिन्स नाही, नुसता चांगला शाम्पू. आठवड्यातून एकदा न्हाणाऱ्याला दर दुसऱ्या न्हाण्याला पुरतं. घट्ट वेटोळ्यांना दर वेळी चालतं.

आणि रिन्सच्या दिवशी स्ट्रेटनर नको. तेलाच्या थरावर गरम पट्टी म्हणजे तळण.

जास्वंद
मग या रविवारी : आधी खोबरेल नाही, एकदा शाम्पू, सूर्यफूल दोन चहाचे चमचे, चार भाग, कंडिशनर २५ मिली. सूर्यफुलाचं डब्यातलं रिफाइंड चालेल ना?

लाकडी_घाणा
चालेल. भजी तळून उरलेलं नाही.

चंद्रोदय
तेवढं तरी आम्हाला द्या.

मुक्काम_नाशिक
स्टूल विसरू नका.